वीस मिनिटं, वारा अठरा

"वीस मिनिटं. वारा अठरा. कोरडं आहे, पण वर गार वाटेल. चहा शेगडीपाशी अडकवून ठेवलाय."

पंधरा दिवस मला याच आवाजाने उठवलं. हलवणं नाही, दिवा नाही, "उठतेस ना?" नाही. अंधारात कानापासून वीतभर अंतरावर, बातम्या सांगाव्यात तशा स्वरात चार वाक्यं. मग पावलं लांब जायची आणि मी डोळे मिटलेले असतानाच हिशोब करायची: अठरा नॉट वारा, म्हणजे तासाला अठरा सागरी मैल, म्हणजे मोठं शीड अजून वर आहे, कोरडं म्हणजे जाड पँट नको, गार म्हणजे जॅकेट हवंच. वीस मिनिटांत कपडे, बूट, लाइफ जॅकेट, चहा आणि जमलं तर संडास. बोट एका बाजूला वीस अंश कललेली असताना बूट चढवायला किती वेळ लागतो, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत.

काही वर्षांपूर्वी एका शर्यतीच्या बोटीवर हौशी खलाशी म्हणून मी अटलांटिक ओलांडला. कॅनरी बेटांवरून निघायचं आणि कॅरिबियनमधल्या एका बेटावर पोचायचं. सरळ रेघ मारली तर सुमारे २,७०० सागरी मैल, म्हणजे पाच हजार किलोमीटर. पण सरळ रेघ कोणीच मारत नाही. उत्तर अटलांटिकवर अझोर्स बेटांच्या आसपास हवेच्या जास्त दाबाचा एक पट्टा ठाण मांडून असतो, वारा त्याच्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याच्या दक्षिण कडेला ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे मिळतात. जुन्या खलाशांचा सल्ला असा की लोणी वितळेपर्यंत दक्षिणेला जा, मग पश्चिमेला वळा. कोलंबस १४९२ साली ६ सप्टेंबरला याच कॅनरी बेटांपैकी ला गोमेरावरून निघाला आणि १२ ऑक्टोबरला त्याला जमीन दिसली. छत्तीस दिवस. आमच्याकडे उपग्रहावरून येणारा हवामानाचा अंदाज होता, संगणक होता, नायलॉनची शिडं होती. तरी वाट तीच, कारण वारा तोच.

बोट पंधरा मीटर लांब. माणसं दहा. चार-चार जणांचे दोन वॉच, म्हणजे पाळीचे गट, शिवाय कप्तान आणि वाट आखणारा नॅव्हिगेटर. चार तास डेकवर, चार तास खाली. दिवसाचे चोवीस तास चारने भागले की सहा पाळ्या होतात आणि सहा हा सम आकडा असल्यामुळे एकाच गटाच्या वाट्याला रोज मध्यरात्र ते पहाटे चार येईल. ते टाळायला संध्याकाळची चार ते आठ ही पाळी मधोमध कापून दोन-दोन तासांच्या दोन करतात. त्यांना डॉग वॉच म्हणतात. पाळ्या सात झाल्या की रोज एकेक घर सरकतात आणि मध्यरात्र दोघांत वाटली जाते. शिडांच्या जुन्या जहाजांवरची ही युक्ती आहे. जगातल्या कितीतरी न्याय्य व्यवस्थांपेक्षा मला ही जास्त पटलेली आहे.

दहा माणसं आणि बंक सहा. वजन वाचवायचं म्हणून. शर्यतीच्या बोटीवर प्रत्येक गोष्टीचं शेवटचं कारण वजन हेच असतं. आम्ही टूथब्रशचे दांडे अर्धे कापून टाकले होते. त्याने बोट किती जोरात पळाली असेल ते सोडा, पण तो कापताना आपण कुठे चाललोय ते समजतं. बंक म्हणजे दोन ॲल्युमिनियमच्या नळ्यांमध्ये ताणलेलं कापड. एका बाजूला कप्पी आणि दोर, बोट जशी कलेल तसा दोर ओढून बंक सपाट करून घ्यायचा. विसरलात तर झोपेत गडगडून आलात म्हणून समजा. त्यासाठी कडेला एक आडवं कापडही बांधायचं असतं. आणि हा बंक दोघांत एक. ती वर असेल तेव्हा मी आत, मी वर असेन तेव्हा ती आत. स्लीपिंग बॅगसुद्धा एकच, आतलं अस्तर तेवढं ज्याचं त्याचं.

ती म्हणजे माझी बंकमधली भागीदार. वय त्रेसष्ट. रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये तिने उभं आयुष्य काढलेलं, त्यातलं बरंचसं रात्रपाळीत. उठवण्याची ती पद्धत तिथली. दुसऱ्याच्या ताब्यात काम देताना काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मी तिला उठवायची तेव्हा पहिले दोन दिवस बडबड करायची: आत्ताच एक मोठी लाट आली, आकाश काय सुंदर दिसतंय, मला वाटतं वारा थोडा फिरतोय. तिसऱ्या दिवशी तिने डोळे न उघडताच विचारलं, "आकडा किती?"

पहिल्या रात्री तिने सोडलेल्या बंकमध्ये शिरताना मला किळस आली होती, हे कबूल करते. दुसऱ्याच्या अंगाची ऊब, मिठाचा दमट वास, उशीच्या जागी गुंडाळलेल्या जॅकेटवर तिच्या डोक्याने पाडलेला खळगा. तिसऱ्या रात्री वारा तीसवर गेला, कॉलरमधून पाणी थेट पाठीपर्यंत उतरलं आणि चार तासांनी मी खाली आले तेव्हा दात वाजत होते. त्याच खळग्यात डोकं ठेवलं आणि ती ऊब कोणाची आहे हा प्रश्न मनातून गेला तो गेलाच. पुढे तर एकदा तिला उठायला उशीर झाला नाही, उलट ती आधीच उठून बसली होती, म्हणून बंक गार लागला आणि मी मनातल्या मनात तिच्यावर चिडले.

चार तास सुट्टी म्हणजे चार तास झोप नव्हे. ओले कपडे काढा, काहीतरी खा, भांडं पुसा, बंक सपाट करा. वीस मिनिटं आधी उठायचं असतंच. हातात पडतात फार तर तीन तास. त्यातही डोक्यावर, म्हणजे अक्षरशः डोक्यावर, विंच, म्हणजे शिडांचे दोर ओढायचा रहाट, फिरत असते. दोर सैल सोडला की तो ड्रमवरून सुटताना बंदुकीसारखा वाजतो. आणि भिंतीपलीकडे, तीन बोटांवर, पाणी धावत असतं. मला वाटलं होतं लाटांचा आवाज म्हणजे अंगाई. प्रत्यक्षात पत्र्यावरून खडी ओढत नेल्यासारखा तो असतो. वेग वाढला की आवाजाची पट्टी चढते आणि झोपेतही कळतं: वरच्यांना एखादी लाट छान सापडली. एकटीने जग फिरणाऱ्यांचं आठवलं की तक्रार गिळावी लागायची. एलेन मॅकआर्थरने २००५ साली ७१ दिवसांत एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली ती तुकड्या-तुकड्यांच्या झोपेवर. तिला "वीस मिनिटं, वारा अठरा" म्हणणारं कोणी नव्हतं, गजर होता.

बाकी खालच्या आयुष्याबद्दल लोकांना जेवढं कुतूहल असतं तेवढं सांगण्यासारखं त्यात नाही. गरम पाणी ओतून फुगवायचं सुकं जेवण, त्याच्या सगळ्या चवी चौथ्या दिवसापासून एकच. समुद्राचं पाणी पडद्यातून दाबून गोडं करणारं एक यंत्र, ते चालवायला वीज, विजेसाठी इंजिन, इंजिनासाठी डिझेल आणि डिझेल म्हणजे पुन्हा वजन. त्यामुळे आंघोळ नाही. मिठाने ताठ झालेले कपडे आणि सतत ओल्या जागी बसून बुडाला उठलेलं पुरळ. संडासाबद्दल एवढंच की तिथे धरायला दोन कड्या होत्या आणि हात तीन हवे होते.

परतल्यावर सगळ्यांनी विचारलं, "समुद्र कसा वाटला?" उत्तर देताना मी अडखळते, कारण मी समुद्र फारसा पाहिलाच नाही. मी आकडा पाहिला. डोलकाठीच्या बुंध्याशी तीन पडदे होते: बोटीचा वेग, वाऱ्याचा वेग, वाऱ्याचा कोन. शर्यतीत आठ पूर्णांक दोन आणि आठ पूर्णांक सहा यांच्यामध्ये तुमचं सगळं जग मावतं. शीड चार इंच सैल सोडा, बघा. परत ओढा, बघा. स्पिनेकर, म्हणजे पुढे फुग्यासारखं फुगणारं प्रचंड पातळ शीड, त्याची वाऱ्याकडची कड जराशी दुमडते आणि सुटते. ती सतत दुमडण्याच्या बेतात ठेवायची. एकजण त्या कडेकडे टक लावून उभा, दुसरा विंचच्या हँडलवर. "ओढ." "बस." "ओढ." "बस." तासभर संवाद एवढाच. दिवसाला सरासरी दोनशे मैल काटले की आम्ही खूश असायचो. हिशोब केलात तर तो वेग बऱ्यापैकी जोरात मारलेल्या सायकलचा आहे. सायकलच्या वेगाने महासागर. आणि दिवसातून ठरल्या वेळी इतर बोटींच्या जागा कळायच्या. सकाळपासून स्वतःला शाबासकी देत असताना दिसायचं की साठ मैल दक्षिणेला असलेली बोट आपल्यापेक्षा अकरा मैल जास्त चालली आहे. आजूबाजूला क्षितिजापर्यंत एक ठिपका नाही आणि तरी कोणीतरी पुढे गेल्याची जळजळ. माणूस हा अवघड प्राणी आहे, त्याला जळायला शेजारी दिसावाही लागत नाही.

रात्र मात्र वेगळी होती. रात्री सुकाणूवर असताना लाल अंधुक आकडे दिसतात, पण फक्त त्यांच्याकडे बघून बोट चालवता येत नाही. बघून दुरुस्ती करेपर्यंत लाट निघून गेलेली असते. मग समोरचा तारा धरायचा. संध्याकाळच्या पाळीत श्रवणाचा तारा पश्चिमेला मावळत यायचा, जवळजवळ आमच्या रोखावर. तो डोलकाठीला लागणाऱ्या तारेच्या डाव्या अंगाला ठेवायचा. खाली गेला की दुसरा निवडायचा. उजव्या हाताला ध्रुव, दिवसेंदिवस खाली सरकलेला, शेवटी क्षितिजावर हात लांब करून दीड मूठ. म्हणजे पंधरा-सोळा अंश, म्हणजेच आपण पंधरा-सोळा अक्षांशावर. हे गणित शाळेत केलं होतं, पण मुठीने मोजलं तेव्हा पटलं. बोटीमागे पाण्यात हिरवट ठिणग्यांची वाट. कोणी ऐकत नसलं की मी वाऱ्याशी मराठीत बोलायची. "ये बाबा ये", "अगं हळू", असलं काहीबाही. पंधरा दिवसांत तेवढंच मराठी माझ्या कानावर पडलं.

घड्याळ आम्ही बदललंच नाही. बोटीवर ग्रीनिचचीच वेळ. दर पंधरा रेखांशांमागे एक तास, त्यामुळे सूर्य रोज सुमारे बारा मिनिटं उशिरा उगवायचा. शेवटी शेवटी मध्यान्ह चार वाजता. पहाटेची म्हणून ज्या पाळीवर नाव लिहिलेलं, तिच्यात उजाडायचंच नाही.

एक नियम कप्तानाने पहिल्या दिवशी सांगितला आणि पुन्हा सांगावा लागला नाही. अंधारात जिन्यावरून वर येतानाच, डोकं बाहेर काढायच्या आधी, लाइफ जॅकेटचा पट्टा कडीला अडकवायचा. २०१८ च्या मार्चमध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण महासागरात जॉन फिशर हा मुरलेला खलाशी बोटीवरून फेकला गेला आणि सापडला नाही. त्या क्षणी तो डेकवर जागा बदलत होता आणि पट्टा सुटा होता. कप्तानाने एवढंच सांगितलं, आवाज न चढवता. त्यानंतर अंधारात कडीचा "टक" ऐकू आला नाही की आम्ही एकमेकांना विचारायचो.

आठव्या रात्री मी शीड फाडलं.

पाळीचा शेवटचा तास होता. मागून काळा ढग येतोय हे रडारवर दिसत होतं. तो बाजूने जाईल असा आमचा अंदाज. सुकाणू माझ्याकडे. मी झोपले नव्हते. पण जागीही नव्हते; डोळे उघडे होते आणि मी कुठल्यातरी जिन्यावरून खाली उतरत होते, हे मला अजून आठवतं. वारा अठराचा एकतीस झाला तेव्हा बोट खाली वळवायला हवी होती. मी अर्धा श्वास उशिरा वळवली. बोटीने ऐकलं नाही. ती उलट वाऱ्याकडे फिरली, आडवी पडली, सुकाणूचं पातं पाण्याबाहेर आलं आणि हातातलं चाक एकदम हलकं झालं. त्या हलकेपणाइतकं भयंकर काही मी अनुभवलेलं नाही. मग एक आवाज, धोतर टरकावं तसा, पण लांबलचक. डोक्यावरचा स्पिनेकर वरपासून खालपर्यंत उभा फाटला होता आणि त्याचे दोन भाग फडफडत होते.

सगळे वर आले. तीही आली, एका पायात मोजा. आडव्या कापडामुळे ती बंकमधून फेकली गेली नव्हती. फाटलेलं शीड पाण्यातून ओढून आत घ्यायला पाऊण तास गेला. कोणी मला काही बोललं नाही. बोटीवर बोलत नाहीत, कारण अजून सात दिवस त्याच माणसाबरोबर काढायचे असतात. पण न बोलणाऱ्या नऊ माणसांमध्ये ओल्या कापडाचा ढिगारा आवरत बसणं, त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या असत्या.

ते शीड दुरुस्त करायला दोन दिवस लागले आणि कप्तानाने ते काम आम्हा दोघींना दिलं. का, ते त्याने सांगितलं नाही. खालच्या केबिनभर ते पसरलं होतं, त्यामुळे ये-जा करणारा प्रत्येक जण बूट काढून त्याच्यावरून चालायचा. आधी मीठ काढायचं. कापडावर मीठ राहिलं तर चिकटपट्टी धरतच नाही. गोड्या पाण्याने पुसायचं, आणि पाणी मोजलेलं असल्यामुळे आम्ही आपापल्या पिण्याच्या बाटल्यांतलंच वापरलं. मग स्पिरिटने पुसायचं, वाळवायचं, एकीने दोन्ही कडा जुळवून धरायच्या, दुसरीने पट्टी दाबत जायचं. मग शिलाई. यंत्र लहानसं होतं, हाताने चाक फिरवायचं. बोट डोलत होती आणि बत्तीस फूट शिवायचं होतं.

एवढ्या दिवसांत आम्ही दोघी एकाच वेळी जाग्या आणि एकाच जागी, हे पहिल्यांदाच. दिवसा तिचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. तिच्या डाव्या भुवईत एक जुना व्रण होता. ती कडा धरून होती, मी चाक फिरवत होते, आणि खूप वेळाने मी म्हटलं की त्या वेळी मी एका जिन्यावर होते. ती हसली नाही. म्हणाली, "माझं केबिनमधलं टेबल असायचं. मी टेबल पुसतेय असं दिसायचं."

मग तिने सांगितलं. नोकरीच्या सहाव्या वर्षी, हिवाळ्यात, पहाटे तिला खुर्चीत डुलकी लागली. किती, ते तिला माहीत नाही. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं पुढे गेलेलं होतं. त्या चार मिनिटांत कुठलीच गाडी यायची नव्हती. काहीच झालं नाही. वहीत काहीच लिहायचं नव्हतं. "झालं असतं तर चौकशी झाली असती, शिक्षा झाली असती, मिटलं असतं," ती म्हणाली. "हे मिटतच नाही." आणि मग लगेच, "कड सुटतेय तुझी."

शिवून झाल्यावर तो स्पिनेकर पुन्हा वर गेला. मधोमध पांढरी पट्टी, ऑपरेशन झालेल्या पोटासारखी. फुगताना टाके ताणलेले दिसले आणि आम्ही दोघींनी श्वास धरला, टिकला. तोवर आमचे चाळीस मैल गेले होते. वर वारा पडत चालला होता आणि पाण्यावर पिवळट तपकिरी शेवाळाचे पट्टे दिसायला लागले होते. सार्गासम. २०११ पासून अटलांटिकच्या या भागात ते अमाप वाढलंय. ते सुकाणूच्या पात्याला आणि कीलला, म्हणजे बोटीच्या तळाच्या जड पात्याला, गुंडाळून बसतं, वेग अर्धा नॉट उतरतो आणि वरून काही दिसत नाही. मग गाठी मारलेला लांब दोर बोटीखालून दोन्ही बाजूंनी धरून दातांत दोरा घालावा तसा मागेपुढे ओढायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. डेकवर रात्री आपटून मेलेले उडते मासे, त्यांचे खवले दोरांना, बुटांना, एकदा तर माझ्या चहात.

जमीन दिसायच्या आधी वास आला. ओल्या मातीचा आणि जळत्या लाकडाचा. रात्र होती. कप्तानाने पाळ्या मोडल्या आणि सगळ्यांना वर बोलावलं. दहाच्या दहा माणसं वाऱ्याकडच्या कडेला पाय सोडून ओळीत बसली, वजन म्हणून. ती माझ्या शेजारी होती. बंक खाली रिकामा होता, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा कोणीतरी दूरच्या बोटीवरून भोंगा वाजवला. आमचा कितवा नंबर आला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हॉटेलात मला स्वतंत्र खोली होती. आडवा हात पसरला तरी कड लागणार नाही असा पलंग, पांढरी चादर, आणि एवढी शांतता की कानात आवाज यायला लागला. आंघोळ केली, झोपले. तीन तासांनी टक्क जागी. कोणीही काही सांगत नव्हतं. वारा किती, कोरडं आहे का, काहीच नाही. छत मात्र डुलत होतं. अर्धा तास तळमळून मी चपला घातल्या आणि धक्क्यावर गेले.

बोट दोरांनी बांधलेली, लहान दिसत होती. जिन्याचं दार उघडं होतं. खाली डोकावले तर आमच्या बंकवर ती झोपली होती, तोंडावर हात घेऊन, आडवं कापड नीट बांधून. मी वर येऊन सुकाणूपाशी बसले. करण्यासारखं काही नव्हतं. दोर ताणले जात होते, सैल होत होते. आकडे बंद होते. सवयीने मी पश्चिमेला एखादा तारा शोधला, पण तिकडे डोंगर होता.

किती वेळ गेला ते पाहिलं नाही. जिन्यावर पावलं वाजली. ती वर आली, केस पिंजारलेले, अंगावर तेच जॅकेट. माझ्याकडे पाहिलं, मग डोलकाठीच्या टोकाकडे, मग पाण्याकडे.

"वारा सहा," ती म्हणाली. "कोरडं आहे. जा, बंक गरम आहे."

मी खाली गेले.